आईचं मूळ गाव कोणतं?

हॉस्टेलवर नवीन बॅच आली की पहिल्या आठवड्यात तीन प्रश्न ठरलेले असतात. नाव काय? आडनाव काय? मूळ गाव कोणतं? पहिला प्रश्न शिष्टाचार म्हणून, बाकीचे दोन खऱ्या चौकशीसाठी! आडनाव आणि गाव कळलं की विचारणाऱ्याच्या डोक्यात एक फाइल उघडते. हा कुठला, कोणाचा, कोणाबरोबर मेसमध्ये बसणार, निवडणुकीत कोणाला मत देणार... सगळं त्या फाइलमध्ये आपोआप भरलं जातं. बिचाऱ्याने अजून बॅगसुद्धा उघडलेली नसते.

त्यात आपला पट्टा म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. इथे 'मूळचा कोण' हा वाद चहाच्या टपरीपासून कर्जत लोकलच्या चौथ्या सीटपर्यंत कुठेही पेटतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांमध्ये ठेवलं गेलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिथे नव्या शहराची पायाभरणी झाली आणि शेजारच्या नदीवरून त्याला उल्हासनगर हे नाव मिळालं. आजही तिथला पत्ता 'कॅम्प नंबर'शिवाय पूर्ण होत नाही. अंबरनाथला शिलाहारांच्या काळातलं शिवमंदिर आहे, त्यातल्या शिलालेखावर शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० ची नोंद आहे. त्याच गावात पुढे ऑर्डनन्स फॅक्टरी आली, एमआयडीसी आली आणि देशभरातून कामगार आले. मुंबईत घर परवडेना म्हणून हजारो कुटुंबं बदलापूरला आली. आणि या सगळ्यांच्या आधीपासून आगरी-कुणब्यांची गावं आणि ठाकूर-कातकऱ्यांचे पाडे इथे आहेतच.

म्हणजे आपल्याकडे प्रत्येकाकडे 'आम्ही तुमच्या आधी आलो' असं म्हणायला कोणीतरी असतं. १९४९ वाला २०१० वाल्याला 'नवीन' म्हणतो, आणि गावठाणातला माणूस दोघांनाही!

आता एक साधी गोष्ट करून बघा. रूममेटला त्याच्या आईच्या आईच्या आईचं गाव विचारा. शंभरातले नव्वद जण गप्प बसतील. आडनाव वडिलांचं, गाव वडिलांचं, कुलदैवतही वडिलांच्याच घराण्याचं. आपण ज्याला अभिमानाने 'मूळ' म्हणतो, ते झाडाच्या शेकडो मुळांपैकी एक निवडून काढलेलं मूळ आहे. बाकीची आपण मोजलीच नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की दुसऱ्या बाजूचं एक मूळ मोजून बघू, आणि मग 'मूळचा कोण' या वादात किती दम उरतो ते ठरवू.

हे मोजायची सोय निसर्गाने करून ठेवली आहे. बारावीच्या बायोलॉजीत मायटोकॉन्ड्रिया शिकलो होतो, पेशीचं 'पॉवर हाऊस' म्हणून दोन मार्कांना! त्या मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो. पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएमध्ये सुमारे तीन अब्ज अक्षरं असतात, तर याच्यात फक्त १६,५६९ अक्षरं आणि ३७ जनुकं. आकार गोल, बांगडीसारखा. गर्भधारणेच्या वेळी वडिलांकडून आलेले मायटोकॉन्ड्रिया नष्ट होतात आणि आईचेच पुढे जातात. ते मुलाला मिळतात, मुलीलाही मिळतात, पण पुढच्या पिढीकडे जातात ते फक्त मुलीकडून. म्हणजे आपल्यातल्या प्रत्येक मुलाच्या शरीरात आईची ही बांगडी आहे, पण त्याच्यापाशी ती थांबते. बहिणीकडून मात्र ती पुढे चालू राहते.

या बांगडीवरून वंशाचा माग कसा काढतात? इंजिनिअरिंगच्या पोरांना हे समजावणं सगळ्यात सोपं आहे. जर्नल डोळ्यांसमोर आणा. एकाने लिहिलेलं जर्नल चौघांनी उतरवलं, त्या चौघांचं आणखी दहांनी. मूळ जर्नलमध्ये ओहमच्या जागी व्होल्ट पडलं असेल तर ते चौदाच्या चौदा जर्नलांत दिसतं. मधल्या एकाने उतरवताना आकृतीतला एक रेझिस्टर गाळला, तर ती चूक फक्त त्याच्याकडून उतरवणाऱ्यांकडे जाते. मुरलेल्या सरांना व्हायवाच्या आधी नुसती जर्नलं चाळून कळतं की कोणी कोणाचं छापलंय. शास्त्रज्ञ हेच करतात! डीएनएची नक्कल होताना क्वचित एखादं अक्षर बदलतं आणि तो बदल त्या स्त्रीच्या सगळ्या लेकी-नातींकडे जातो. समान बदल असलेल्यांचा एक गट, त्याला म्हणायचं हॅप्लोग्रुप. आपण त्याला 'आईची शाखा' म्हणू. असे बदल साधारण किती हजार वर्षांत किती होतात याचा अंदाज घेऊन शाखेचं वयही काढता येतं.

१९८१ साली केंब्रिजमध्ये हा डीएनए पहिल्यांदा पूर्ण वाचला गेला. १९८७ मध्ये रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि अॅलन विल्सन या तिघांनी जगाच्या वेगवेगळ्या भागांतल्या लोकांचे नमुने तपासून दाखवलं की सगळ्या फांद्या मागे नेल्या तर त्या आफ्रिकेतल्या एका स्त्रीपाशी मिळतात. तिचा काळ आज साधारण दीड ते दोन लाख वर्षांपूर्वीचा धरतात. याचा अर्थ ती तेव्हा जगात एकटीच बाई होती असा नाही. तेव्हा आणखीही हजारो बायका होत्या. पण कुणाला मुलीच झाल्या नाहीत, कुणाच्या नातीला झाल्या नाहीत, अशा त्यांच्या रेषा कधी ना कधी तुटल्या. हिची तेवढी अखंड राहिली.

आफ्रिकेतल्या शाखांना 'एल' हे नाव दिलं आहे. त्यातल्या 'एल ३' या एका डहाळीपासून दोन फांद्या निघाल्या, 'एम' आणि 'एन'. आफ्रिकेबाहेरचं जवळजवळ सगळं जग या दोन फांद्यांवर बसलं आहे. यातली 'एम' ही आपल्या जवळची. भारतात दर दहा जणांत साधारण सहा जण 'एम'चे. बाकीचे बहुतेक 'एन'मधून फुटलेल्या 'आर' आणि 'यू' या शाखांचे. 'एम'च्या जितक्या वेगवेगळ्या आणि जुन्या उपशाखा भारतात सापडतात, तितक्या दुसरीकडे क्वचितच. म्हणून तिचा जन्म भारतातच झाला की आफ्रिकेतून येताना वाटेत, यावर शास्त्रज्ञांत बराच वाद झाला आहे. वय मात्र पन्नास-साठ हजार वर्षांच्या घरात आहे, यावर बहुतेकांचं एकमत आहे.

आणि ही 'एम' गेली तरी किती लांब! अंदमानच्या ओंगे लोकांमध्ये तिच्या उपशाखा आहेत. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेच्या संशोधकांनी २००५ मध्ये ते दाखवून दिलं. चीन-जपानमध्ये ती आहे, पापुआ न्यू गिनीत आहे, आणि तिच्या 'सी' व 'डी' या लेकी सैबेरिया ओलांडून अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपर्यंत पोचल्या आहेत. युरोपात आज ती जवळजवळ नाही. पण २०१६ साली बेल्जियम आणि फ्रान्समध्ये मिळालेल्या, हिमयुगातल्या माणसांच्या हाडांत 'एम' सापडली. म्हणजे एके काळी ती तिथेही होती, नंतर संपली. तेव्हा आजच्या नकाशावर बोट ठेवून 'हे आमचं, ते तुमचं' म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

हे आकडे फार मोठे वाटतात, तर आपल्या मापाने मोजू. एका पिढीला २५ वर्षं धरा. अंबरनाथच्या मंदिरावर तो शिलालेख कोरला गेला तेव्हापासून आजपर्यंत तुमच्या आईची रेषा म्हणजे फक्त ३९ जणी. लोकलच्या लेडीज डब्याच्या एका कोपऱ्यात मावतील. साठ हजार वर्षं मागे, 'एम'च्या पहिल्या आईपर्यंत गेलात तर २,४०० जणी. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये चार हजारांवर माणसं असतात. म्हणजे तुमच्या आईपासून 'एम'च्या पहिल्या आईपर्यंतची सगळी रांग एका बदलापूर लोकलमध्ये आरामात बसेल, वर काही जणींना विंडो सीटही मिळेल. आणि गंमत म्हणजे तुमच्या रूममेटचीही शाखा 'एम' असेल तर त्याच्या लोकलमधली शेवटची बाई आणि तुमच्या लोकलमधली शेवटची बाई एकच!

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्याकडे मुलीला 'परक्याचं धन' म्हणतात. लग्न झालं की ती गाव बदलते, आडनाव बदलते, काही घरांत तर नावही बदलतात. गावातल्या प्रत्येक घरातली सून ही 'बाहेरून आलेली'. पण भारतातल्या लोकांच्या आईच्या आणि बापाच्या रेषा शेजारी ठेवल्या तर काय दिसतं? आईच्या बहुतेक शाखा या भूमीत हजारो वर्षं मुरलेल्या, जुन्या. नंतरच्या काळात बाहेरून आलेल्यांच्या खुणा बापाच्या रेषेत जास्त. म्हणजे जिला आपण घराघरात बाहेरची म्हणतो, इथला जुन्यातला जुना सातबारा तिच्या नावावर आहे!

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यातलं आहे. कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. आडनावं पेणकर, किहीमकर, नवगावकर, अगदी आपल्यातली. २०१६ मध्ये त्यांच्या डीएनएचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा, असा दोन्ही वारसा दिसला. मिश्रण साधारण ६५० ते १,०५० वर्षांपूर्वीचं, म्हणजे जवळपास आपल्या शिवमंदिराच्या आगेमागे सुरू झालेल्या काळातलं. आणि बापाकडून आलेला वारसा जास्त करून ज्यू, आईकडून आलेला जास्त करून इथला. उत्तरेला संजाणला उतरलेल्या पारशांची गोष्टही तशीच. तिथे सापडलेल्या जुन्या अवशेषांचा अभ्यास २०१७ मध्ये आला, त्यात निम्म्याच्या आसपास आईच्या शाखा दक्षिण आशियातल्या निघाल्या. समुद्रावरून आलेल्यांना इथलं करून घेतलं ते इथल्या बायकांनी.

पण याच बेने इस्रायलांच्या गोष्टीत एक धोक्याची सूचनाही आहे. ज्यू धर्मात माणूस ज्यू आहे की नाही हे आईवरून ठरतं. १९४८ नंतर यातले बरेच जण इस्रायलला गेले. तिथे १९६०च्या दशकात काही धर्मगुरूंनी त्यांची लग्नं लावण्याआधी आई-आजीच्या कुळाची चौकशी करायचा आदेश काढला. या लोकांना रस्त्यावर उतरून आंदोलन करावं लागलं, तेव्हा १९६४ मध्ये त्यांची बरोबरी मान्य झाली. म्हणजे मोजमाप बापाच्या बाजूने करा की आईच्या, माणसाला बाहेर ठेवायचंच असेल तर कोणत्याही पट्टीने ठेवता येतं. तेव्हा 'आता आडनावाऐवजी हॅप्लोग्रुप विचारू' असं कोणाच्या डोक्यात येत असेल तर कृपया येऊ देऊ नका. आजकाल नळीत थुंकून पाठवली की घरबसल्या शाखा सांगणाऱ्या कंपन्या आहेत. उद्या हॉस्टेलवर 'एम'वाल्यांचा आणि 'यू'वाल्यांचा वेगळा व्हॉट्सअॅप ग्रुप निघायला वेळ लागणार नाही!

गणितसुद्धा तेच सांगतं. दहा पिढ्या मागे जा. वंशावळीत तुमच्या पूर्वजांच्या १,०२४ जागा आहेत. बापाची रेषा त्यातल्या एकाबद्दल बोलते, आईची रेषा एकीबद्दल. उरलेल्या १,०२२ जणांचं काय? त्यांच्याकडूनही तुम्हाला कोणाचं नाक, कोणाचा गळा, कोणाचा चिडका स्वभाव आला असेल. १,०२४ पैकी एकाच्या नावाने छाती फुगवणं म्हणजे एका युनिट टेस्टच्या मार्कांवर डिग्री मागण्यासारखं आहे.

इथे कोणी म्हणेल, 'जात तर आहे ना? डीएनएने ती काय पुसली जाते?' नाही, पुसली जात नाही. उलट डीएनएत ती दिसते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं की साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातले वेगवेगळे गट एकमेकांत भरपूर मिसळत होते. अगदी दुर्गम भागातल्या आदिवासींपर्यंत हे मिश्रण पोचलं. नंतर मात्र दारं बंद झाली आणि लग्नं आपापल्या गटातच होऊ लागली. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. भिंत खरी आहे, पण ती पहिल्यापासून नव्हती. साठ हजार वर्षांच्या लोकलमध्ये ती शेवटच्या दोन हजार वर्षांत, म्हणजे शेवटच्या ऐंशी जणींच्या वेळी उभी राहिली. माणसांनी बांधली, माणसं पाडू शकतात.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. 'सगळेच आफ्रिकेतून आले, मग इथलं कोणीच नाही' असं म्हणून कोणी ठाकूर-कातकऱ्यांच्या जमिनीचा प्रश्न उडवून लावेल. ते साफ चूक आहे. ज्याची जमीन धरणाखाली, कारखान्याखाली किंवा सावकाराच्या वहीत गेली, त्याचा हक्क त्याच्या डीएनएवर उभा नाही. तो झालेल्या अन्यायावर आणि कायद्यावर उभा आहे. तसंच सिंध सोडून आलेल्या आजीचा उल्हासनगरवरचा हक्क आणि गेल्या वर्षी बिहारहून एमआयडीसीत आलेल्या कामगाराचा मान हे दोन्ही शाखा बघून ठरत नाहीत. हक्काचं बोलायचं तर हक्काचं बोलू. फक्त 'आमचं रक्त इथलं' ही भाषा मध्ये आणू नका, कारण रक्ताला विचारलं तर ते भलतीच गोष्ट सांगतं.

कशी, ते एका बाईकडून ऐका. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली हरियाणात राखीगढीला उत्खनन झालं. तिथल्या साठाहून जास्त नमुन्यांपैकी फक्त एका सांगाड्यातून पुरेसा डीएनए निघाला. तो साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या, सिंधू संस्कृतीतल्या एका स्त्रीचा होता. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तिची आईची शाखा होती 'यू २बी२'. आजही ही शाखा आहे आणि जवळजवळ फक्त दक्षिण आशियातच सापडते. तिचं नाव, जात, भाषा, देव, काहीच आपल्याला ठाऊक नाही. तिच्या नात्यातली एखादी लेक आज कॅम्प नंबर पाचमध्ये असेल, एखादी बदलापूरच्या पाड्यावर, किंवा आपल्या मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या मावशींपैकी कोणी असेल. आडनाव वाचून ती ओळखता यायची नाही.

तेव्हा मला दोन गोष्टी सुचवायच्या आहेत. पहिली मुला-मुलींसाठी आणि स्टाफसाठीही. आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव असतं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत वडिलांच्या आधी आईचं नाव लावणं महाराष्ट्र सरकारने सक्तीचं केलं आहे. म्हणजे सरकारसुद्धा एक पाऊल पुढे गेलं! आपण निदान एवढं करू की दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर आईला बसवून विचारू: तुझी आई कुठली, तिची आई कुठली, तिच्या आईचं नाव काय? चार नावं आणि चार गावं मिळाली तरी खूप. ही माहिती सांगणारी आजी अजून असेल तर घाई करा. ती कुठल्याही सातबाऱ्यावर लिहिलेली नाही.

दुसरी गोष्ट सीनियर्ससाठी. पुढची बॅच येईल तेव्हा पहिल्या आठवड्यातले तीन प्रश्न बदला. नाव विचारा, ब्रँच विचारा आणि जेवलास का ते विचारा. आडनाव हजेरीच्या वेळी सर घेतातच.